कोपऱ्यातली पिवळी वीज

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध कारागीर राहत होते. रेडिओच्या काळापासून त्यांनी दुरुस्तीची विद्या कित्येकांना शिकवली होती, म्हणून सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचा एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, पण अडचण सांगायची वेळ आली की त्याच्या जिभेला कुलूप लागे. एकाच पट्टीवर सगळा मावणारा, तळहाताएवढा संगणक हा त्याचा जीव की प्राण.

त्याच गावात हौसाबाई नावाच्या एक बाई होत्या. त्यांनी तीस वर्षं गावठी कोंबड्यांचं एकच वाण जपलं होतं. ऐन थंडीत एका दुपारी भटक्या कुत्र्यांनी खुराडं फोडलं आणि एकही कोंबडी उरली नाही. उरली ती टोपलीतली बावन्न अंडी. ती उबली तरच वाण टिकणार होतं, आणि बावन्न अंड्यांवर बसवायला खुडूक कोंबड्या आणायच्या कुठून?

"मावशी, काळजी सोडा. मी उबवणीची पेटी करून देतो," शिष्य म्हणाला.

पेटी झाली देखणी. आतली ऊब राखायचं काम त्या चिमुकल्या संगणकाकडे. हौसेला मोल नाही म्हणून त्यालाच एक पडदा, एक कॅमेरा आणि एक पंखाही जोडला. आणि एवढ्या सगळ्यांना वीज कुठून? तर मोबाइलच्या एका जुन्या, लांबलचक, बारीक वायरीतून! आता काय म्हणावं!

पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं छोटंसं पिवळं चिन्ह लुकलुकू लागलं. वीज अपुरी पडते आहे, असा त्याचा अर्थ. शिष्याला तो पक्का ठाऊक होता. पण दुपारी गाव पेटी बघायला येणार, आणि चारचौघांत ते चिन्ह बरं दिसेना. त्याने संगणकात एक ओळ लिहून ते लपवून टाकलं. लोक आले, वाहवा करून गेले.

चौथ्या दिवशी पेटी आपोआप बंद पडली. शिष्य सकाळ-संध्याकाळ बघायला येत असे, त्याने बाईंच्या नकळत ती पुन्हा सुरू केली. आठव्या दिवशी तेच, बाराव्या दिवशीही तेच. त्याने प्रोग्राम नव्याने लिहिला, मेमरी कार्ड बदललं, संगणक तापतो असं समजून त्यावर थंडाव्याची पट्टी बसवली. चिन्ह नजरेआड झालं होतं, त्यामुळे तेवढी ती वायर मात्र त्याला सुचली नाही. हौसाबाईंनी विचारलं की तो म्हणे, "सगळं झकास आहे, मावशी."

अठराव्या दिवशी सकाळी तो आला, तर पेटी बंद आणि अंडी गार पडलेली. हौसाबाईंनी एकेक अंडं कानाशी धरून पाहिलं. एकातही हालचाल नव्हती.

शिष्य धावत गुरुजींकडे गेला. गुरुजी आले, पेटी सुरू करून पडद्याकडे पाहत राहिले.

"इथे एक पिवळं चिन्ह असतं. ते कुठे गेलं?"

"मीच लपवलं, गुरुजी."

"आधी ते परत आण."

चिन्ह परत आलं, आणि पंखा फिरताच लुकलुकू लागलं. गुरुजींनी पिशवीतून एक आखूड, जाड वायर काढून जोडली. लुकलुक थांबली. पाच मिनिटांचं काम! आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून शिष्य मान खाली घालून उभा राहिला. पण गुरुजी दारात बसलेल्या हौसाबाईंपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, माझं चुकलं. क्षमा करा."

शिष्य गडबडला. "गुरुजी, तुमचं काय चुकलं? ती ओळ मी लिहिली होती."

गुरुजी म्हणाले, "ते यंत्र पहिल्या दिवसापासून सांगत होतं, मला पुरत नाही. तू त्याचं सांगणं बंद केलंस. म्हणून काही त्याला पुरू लागलं नाही. पण हे तू माझ्याच दुकानात शिकलास. दोन वर्षांमागे तू म्हणाला होतास, गुरुजी, हे काम मला झेपत नाही. मी गिऱ्हाइकांदेखत तुला हसलो. त्यानंतर तू तसं कधी म्हणाला नाहीस, आणि मला वाटलं, पोरगा तयार झाला."

एवढ्यात हौसाबाईच बोलल्या, "तुमचं कुणाचं काही नाही हो. काल राहवलं नाही, म्हणून दोनदा झाकण उघडून बघितलं मी. त्यानंच गार पडली असणार. माझंच नशीब फुटकं."

शिष्य गप्प राहिला असता, तर ती माउली जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिली असती. त्याने मान वर केली.

"नाही, मावशी. झाकणानं काही झालं नाही. पेटी चौथ्या दिवसापासूनच बंद पडत होती. मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

हौसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाचा लवलेशही त्या नजरेत नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"अरे, एका शब्दानं सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "गोधडीत गुंडाळून चुलीपाशी घेऊन बसले असते मी. पिल्लं बाहेर यायला तीनच दिवस तर राहिले होते."