पांडव झालेल्या आसरा

आधी पाय गोधडीत घ्या. मग ऐका.

एका शिवारात एक विहीर होती. साधी विहीर नाही, बारव. खालपर्यंत दगडी पायऱ्या. त्या विहिरीत राहायच्या साती आसरा. सात सख्ख्या बहिणी. पाण्यातल्या बाया त्या, मोकळ्या केसांच्या, पांढऱ्या लुगड्यांच्या. त्या कुणाला दिसत नाहीत. दिसल्या तरी बघत उभं राहायचं नसतं, बरं का.

त्यांना काम काय? उन्हाळ्यात काही नाही. पावसाळ्यात काही नाही. काम सगळं थंडीत. थंडीत सूर्य म्हातारा होतो. उठायला कंटाळतो. गार पाण्याला हात लावत नाही. आणि अंघोळीशिवाय वर आला, तर त्याच्या अंगात ऊब नसते. म्हणून आसरा विहिरीच्या तळाशी चूल पेटवतात आणि त्याच्या अंघोळीचं पाणी तापवतात. पाण्याखाली चूल कशी पेटते, ते विचारायचं नाही. पेटते. थंडीच्या दिवसांत सकाळी विहिरीवर जा. वाफ निघत असते. पाण्यात हात घाला, कोमट लागतं. ती ऊब कशाची, सांगा.

सूर्य असा रोज न्हातो. न्हाऊन न्हाऊन त्याचं म्हातारपण धुऊन जातं. मग संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढायला लागतो.

त्या बारवेच्या काठावर सात दगड ओळीनं उभे होते. गुळगुळीत, वीतभर उंचीचे. कोणे एके काळी त्यांना हळदीकुंकू लागलेलं. पावसानं ते धुऊन नेलं, आणि पुन्हा लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. ते आसरांचे दगड. आसरांचा जीव त्यांच्यात.

शेत होतं अंबादास नावाच्या म्हाताऱ्याचं. कष्टाळू माणूस. ताठ. उभ्या जन्मात त्यानं कुणापुढे मान वाकवली नव्हती. बायको वारलेली. मुलगा गाडी-बैल घेऊन लांबच्या बाजाराला कापूस पोचवायला गेलेला. घरात म्हातारा, त्याची सून सोजर आणि सोजरची तान्ही पोर. पोरीचं नाव गोदा. दिवाळीत जन्मलेली. सोजर सासऱ्याला मामा म्हणायची आणि त्याच्यासमोर कमी बोलायची.

मग आली येळवस. मार्गशीर्षाची अवस. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या शेतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, म्हणजे खोपट. कोपीत पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावतात. ते पाच पांडव. त्यांना आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे यांचा निवद, म्हणजे नैवेद्य दाखवायचा. मग आपण जेवायचं, आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं.

अंबादासनं कोप केली. पांडवांचे दगड बांधावर ठेवलेले असायचे. ते शोधायला गेला तर बांधच पावसात वाहून गेलेला. दगड गाळात गेले. म्हातारा इकडं तिकडं फिरला आणि बारवेवर आला. बघतो तर सात दगड, एका उंचीचे. त्यानं त्यातले पाच उचलले.

सोजर तिथंच घागर भरत होती. ती म्हणाली, "मामा, हे आसरांचे दिसायलेत."

"दगड तो दगड," म्हातारा म्हणाला. "पाच लागतात, पाच घेतले. दोन ठेवलेत की तुझ्या आसरांना. तू आंबिलीचं बघ."

सोजरनं घागर उचलली आणि गेली.

म्हाताऱ्यानं पाची दगड कोपीत मांडले. वरपासून खालपर्यंत चुना फासला. हा धर्म, हा भीम, हा अर्जुन, हे नकुल-सहदेव, असं म्हणून हात जोडले. जो सगळ्यांत जाड होता त्याला भीम केलं आणि त्याच्यापुढं दोन उंडे जास्त ठेवले. तीच थोरली आसरा, बरं का. आता बाईला बुवा म्हटलं, चुन्यानं तोंड लिंपलं, तर तिनं घरी जायचं कसं? तिला तिचं घर ओळखीना, घराला ती ओळखीना. पाच जणी कोपीत अडकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सोजर पाण्याला गेली. विहिरीवर वाफ नव्हती. पाणी असं गार, की बोटं वाकडी झाली. मोटेच्या बैलांना पाणी दाखवलं तर बैलांनी तोंड फिरवलं.

मग त्याच्या पुढच्या दिवशी सूर्य उशिरा उगवला. उगवला तो पांढरा, पातळ ताकासारखा. पारोसाच आला होता ना. ऊन अंगणात पडलं, पण त्यात ऊब नाही. वाळत घातलेली धुणी तशीच ओली. हरभऱ्याची फुलं गळायला लागली.

आणि मग गोदा गारठली. सोजर तिला रोज तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसायची. आताही बसली. पण उन्हात ऊबच नाही, तर पोरीला मिळणार कुठून? पोरीचे पाय गार, मग हात गार. ती दूध तोंडात घेईना. रडेनाही. रडणारं पोर बरं असतं. सोजरनं शेगडी केली, शेक दिला. वरची कातडी तापायची आणि आत पोर गारच.

शेजारच्या शिवारात ऊन होतं का? होतं. ज्याची विहीर तापते त्याला ऊन. सोजर पोरीला घेऊन तिकडंही बसून आली. पण पोर ज्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेलं, त्याच विहिरीचं ऊन त्याला लागतं.

मग एका सकाळी सोजर बारवेच्या खालच्या पायरीवर घागर घेऊन उभी होती. तिला पाण्यातून बोलणं ऐकू आलं.

एक आवाज म्हणाला, "फुंक की गं."

दुसरा म्हणाला, "मी फुंकू, का लाकडं सारू? दोघींनी सात जणींची चूल होते का?"

"थोरली असती तर एका फुंकरीत पेटवली असती."

"थोरली तिकडं भीम झालीया. उंडे खायलीया."

"आणि आपण इथं धूर खायलोत."

सोजरनं घागर खाली ठेवली आणि हात जोडले. ती म्हणाली, "बायांनो, मी माणूस आहे. माझी पोर गारठलीया. काय केलं म्हणजे चूल पेटंल?"

पाण्यातून धाकटी आसरा म्हणाली, "ज्यानं नेलं त्यानंच आणावं. आपल्या हातानं चुना धुवावा. बाईला बाई म्हणावं. आणि चुकलं म्हणावं."

दुसरी म्हणाली, "लवकर कर, बाई. विस्तव राखेखाली गेलाय. चूल विझली, की मग सात जणी आल्या तरी पेटायची नाही."

सोजर तडक घरी आली. म्हातारा ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता. तिनं ऐकलेलं सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "पाणी बोलतंय आणि मी ऐकायचं? थंडी पडलीया. दरसाल पडते. आजवर अंबादास कुणाला चुकलं म्हणाला नाही. आता दगडाला म्हणू?"

एवढं बोलून, पाणी आपणच तापवू म्हणून तो उठला, शेतात गेला आणि बारवेभोवती तुराट्यांचा मोठा जाळ केला. दिवसभर जाळला. पाणी होतं तसंच राहिलं. तुराट्या मात्र संपल्या.

मग सोजरनं ठरवलं, आपणच नेऊ. ती कोपीत गेली आणि एकेक दगड ओच्यात घालून बारवेवर नेऊन मांडला. पाची मांडले. तिला बरं वाटलं. सकाळी येऊन बघते, तर बारवेवर दोनच दगड. बाकीचे पाच परत कोपीत, चुन्यासकट. दुसऱ्याचं चुकलेलं आपल्याला निस्तरता येत नाही, बरं का.

गोदाचे ओठ आता निळे पडले होते.

मग सोजरनं काय केलं? ती ओसरीवर आली. म्हाताऱ्याची घोंगडी बाजूला केली. पोरीचं दुपटं काढलं आणि उघड्या पोरीला त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. वरून घोंगडी सारखी केली.

"धरा," ती म्हणाली. "मी पाण्याला जाते."

आणि ती बारवेवर जाऊन बसली. रडली नाही. वाटेकडं बघत राहिली.

म्हाताऱ्याच्या छातीवर पोर म्हणजे ओला दगड. त्यानं तिला घट्ट धरलं. तिची ऊब त्याला येईना, त्याचीच ऊब पोर प्यायला लागली आणि तिला ती पुरेना. म्हाताऱ्याला आत हुडहुडी भरली. तेव्हा त्याला कळलं, थंडी दरसालची नाही.

सोजरला वाटेवर म्हातारा दिसला. घोंगडीत पोर, पायात वहाणा नाहीत. तो आला, पोर तिच्याकडं दिली आणि सरळ कोपीत शिरला. एक दगड उचलून बारवेवर आणला. खालच्या पायरीवर बसून गार पाण्यानं चुना धुतला. चुना निघेना तर नखानं काढला. दगड जागेवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, बसा." असे चार दगड आणले. हात लाल झाले, मग पांढरे झाले.

पाचवा दगड उचलेना. भीम केलेला. म्हाताऱ्यानं जोर लावला. दगड ढिम्म.

"मी येत नाही," दगड म्हणाला.

म्हातारा म्हणाला, "का म्हणून?"

"इथं बरं आहे. उंडे मिळतात. भज्जी मिळते. तिकडं तुझ्या आज्याच्या काळापासून पाणी तापवतेय. एकानं तरी घोटभर आंबील दिली का?"

खरं होतं ते. म्हाताऱ्यानं डोक्याचा रुमाल काढला, खाली अंथरला आणि गुडघे टेकले. मोटेचं चाक तेलावाचून कुरकुरतं तसा त्याचा आवाज निघाला.

"चुकलं."

"कुणाचं?"

"माझं."

"ऐकू येत नाही. तोंडात चुना लिंपलाय, कानातही गेलाय."

मग म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "माझं चुकलं, बाई. तुम्ही बाया. मी तुम्हाला बुवा केलं. घरातून उचलून आणलं. खायला कधी विचारलं नाही. येळवसेचा पहिला घास इथून पुढं बारवेला. पांडवांना मागून."

एवढं मोठ्यानं म्हणाला, की शेजारच्या शेतातल्या माणसानं मोट थांबवली आणि विचारलं, "काय झालं, अंबादासदादा?"

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "चुकलं म्हणायलोय. तू मोट हाक."

मग त्यानं दगडाला हात घातला. दगड पिंजलेल्या कापसासारखा हलका. त्यानं तो रुमालात घेतला, धुतला आणि सगळ्यांच्या आधी, थोरलीच्या जागी ठेवला.

सोजर पोरीला पोटाशी धरून पाण्याकडं बघत होती. आधी काही झालं नाही. मग खालून एक फुंकर ऐकू आली. एकच, पण दांडगी. पाण्यावर एक बुडबुडा आला. मग वाफेची एक बारीक रेघ वर आली. मग दोन. मग सगळ्या बारवेवर वाफच वाफ, समोरची पायरी दिसेना. त्या वाफेत कुणीतरी मोठं माणूस पाण्यात उतरल्यासारखा चुबुक आवाज झाला. सोजरनं डोळे मिटून घेतले. शहाणी होती.

थोड्या वेळानं वाफ विरली आणि वर ऊन पडलं. लालसर, खरं ऊन. ते सोजरच्या मानेवर पडलं, मग गोदाच्या पायांवर. पोरीनं पाय झाडले. तोंड वाकडं केलं. आणि जी रडायला लागली, ती सगळ्या शिवाराला ऐकू गेली.

"रडू दे," म्हातारा म्हणाला. "पदर घे आणि पाज तिला."

सोजरनं पाजलं. पोर बचाबचा प्यायली. मग सोजर म्हणाली, "मामा, मी त्या दिवशी म्हटलं होतं, आसरांचे आहेत म्हणून."

म्हातारा रुमाल झटकून डोक्याला गुंडाळत होता. तो म्हणाला, "म्हटलं होतंस. एकदाच म्हटलंस आणि गप्प बसलीस. आता इथून पुढं मी ऐकलं नाही, तर पुन्हा म्हणत जा."

"म्हणेन," सोजर म्हणाली.

"मोठ्यानं म्हणत जा."

"मोठ्यानं म्हणेन."

आणि म्हणायची, बरं का. म्हातारा कुरकुरायचा, पण ऐकायचा.

मग हरभऱ्याला पुन्हा फुलं आली. संक्रांत आली, दिवस तिळातिळानं वाढला. सोजरचा नवरा गाडी घेऊन परत आला. गोदा रांगायला लागली. पुढच्या येळवसेला म्हाताऱ्यानं नदीतून नवे पाच दगड आणले आणि निवद आधी बारवेवर ठेवला. तिथं सगळे पोटभर जेवले, माणसंही आणि पाण्यातल्या बायाही. त्या घरात पुन्हा कुणी गारठलं नाही. सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. आता कुणी पाणी मागायचं नाही, कुणी कुणाची गोधडी ओढायची नाही. डोळे मिटा.