खैरबारीची बिनदाराची वेस

खैरबारीची वेस पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, दारं कुणीतरी काढून नेली असावीत. दगडी कमान शाबूत आहे, दोन्ही बुरूज उभे आहेत, अडसर सरकवायची भिंतीतली खोबणसुद्धा आहे. पण दारांच्या जागी नुसता वारा. गावातही तीच तऱ्हा. चैत्र-वैशाखात ऊन डोक्यावर आलं की कुणी कडी लावत नाही. घरात बाळंतीण असो की आजारी माणूस, दार सताड उघडं. पाहुण्यांनी कारण विचारलं की कमानीच्या सावलीत बसणारे विठूआबा आधी त्यांना खाली बसवतात. उभ्यानं सांगायची ही गोष्ट नव्हे, म्हणतात.

पेशवाई बुडाली त्या काळातली ही हकीकत. डोंगराच्या अलीकडे कंपनीचा अंमल, पलीकडे निजामाचा, आणि मधल्या या खिंडीवर कुणाचाच नाही. अलीकडे खून केलेला पलीकडे पळायचा, पलीकडचा अलीकडे यायचा, आणि पळून दमलेला खैरबारीतच घर बांधायचा. त्यामुळे गावात कुणी कुणाला मूळ गाव विचारत नसे. जात मात्र विचारत.

वेशीचा अडसर गिरजाच्या हाती होता. तिचा नवरा वेसकर. जलबा नावाच्या पुंडाची टोळी गावावर आली तेव्हा तो याच दारात मेला, आणि त्याचं काम गिरजाकडे आलं. दिवसभर ती गावाचं दार सांभाळायची. तिचं स्वतःचं खोपट मात्र कुसाबाहेर, आणि त्यात तिची लहान पोर, सकू. गाव दार लावून सुरक्षित झालं की गिरजाचं घर उघड्यावर राहायचं.

अशात हैबती आला. मोडलेल्या फौजेतला शिलेदार, अंगावर जुने वार, खाली काळी घोडी. गावानं त्याला राखणीला ठेवून घेतलं. जलबाची माणसं त्यानं खिंडीत अडवली, पुन्हा आली तेव्हा पुन्हा अडवली. जलबाचा धाकटा भाऊ त्याच्याच हातून मेला. गावानं त्याला ओवाळलं. पण तो पाणी प्यायचा ते गिरजाच्या घागरीतलं. वेशीशी उतरायचा, आधी घोडीला पाजायचा, मग स्वतः ओंजळ धरायचा. बाजीबा पाटलानं एकदा टोकलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, की माझ्या घोडीला चालतं ते मला चालतं. गिरजाला ते शब्द फार दिवस पुरले, असं सांगतात.

मग चैत्रात जलबाचा निरोप आला. हैबतीला आमच्या हाती द्या, या गावाकडे आम्ही पुन्हा पाहणार नाही. चावडीवर बैठक बसली. कुणी आवाज चढवला नाही. तो आपला कोण, असं एकानं म्हटलं, आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या. ठरलं ते असं, की खिंडीपलीकडे गुरं वळवून नेली अशी खोटी हाकाटी करायची, हैबती बाहेर पडला की वेस लावायची, आणि उघडायची नाही.

पाटील स्वतः वेशीशी आला. गिरजा म्हणाली, "तो माघारी येईल."

"म्हणूनच अडसर घालायचा," पाटील म्हणाला. "तुझी पोर बाहेर आहे. आज तिला आत आण. माझ्या गोठ्यात बसू दे."

सकू त्याआधी कधी कुसाच्या आत आली नव्हती. गिरजा धावत जाऊन तिला घेऊन आली. हैबती बाहेर पडला, आणि तिनं अडसर सरकवला.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा टापा ऐकू आल्या. घोडी लंगडत होती. दारावर थाप पडली, जोराची नव्हे, घरच्या माणसाची असते तशी. "गिरजे, अडसर काढ." ती दाराशीच उभी होती. तिचा हात अडसरावर होता. मागं, पाटलाच्या ओसरीवर, गाव उभं होतं आणि गोठ्याच्या दारात सकू. पुन्हा थाप पडली. "घोडीला तरी पाणी दे. दाराखालून परात सरकव." गिरजानं परातही सरकवली नाही. मग पुष्कळ टापा आल्या, आणि दाराच्या फळ्यांवर बाहेरून जे आदळत राहिलं ते तिनं तळहातानं सोसलं. दाराखालून रक्त आलं तेव्हा ती मागं सरली. जलबानं शब्द पाळला. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी चैत्र लागला आणि भर दुपारी टापा वाजल्या. वेशीवर थाप पडली. बुरुजावरून पाहिलं तर बाहेर कुणी नाही, धूळसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी थाप गावातल्या एका बंद दारावर पडली. तिन्हीसांजेला आतला माणूस सापडला तो वाळवणासारखा सुकलेला, जीभ काळी ठिक्कर, आणि उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या. मग ज्या घराची कडी दुपारी लागलेली असे, त्या घरी थाप पडू लागली. बाजीबा पाटलानं माजघरात स्वतःला कोंडून घेतलं. आतून तो पाणी पाणी करत होता. दार फोडेपर्यंत सगळं संपलं होतं. भरलेल्या रांजणाशी त्याची बोटं रुतलेली होती.

गावानं बकरं कापलं. भगत आणला. त्यानं रक्त पाहिलं आणि मान हलवली. याला रक्त नको, म्हणाला, याला दार उघडून हवंय. उघडायला कुणी पुढं होईना. तेव्हा लोकांनी गिरजाकडे पाहिलं.

ती पाण्याची घागर आणि परात घेऊन वेशीशी गेली. अडसर काढला, दोन्ही दारं ओढली. समोर काळी घोडी उभी होती. वर तो. फेट्याखाली चेहऱ्याच्या जागी उन्हाची झळ हलत होती. गिरजानं परातीत पाणी ओतलं. घोडीनं तोंड घातलं आणि परात कोरडी केली. मग गिरजानं ओंजळीत पाणी धरून हात वर केले.

"अडसर मी घातला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावावर घालत नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "खिंडीची वाट मोकळी होती तवर. निघून गेलो असतो. दाराखालून तुझे पाय दिसले, म्हणून थांबलो."

त्यानं ओंजळ घेतली नाही. घोडी वळली. गिरजाच्या बोटांमधून पाणी गळून गेलं तरी ती हात तसेच धरून उभी होती, असं सांगतात.

गावानं त्याच दिवशी दारं बिजागऱ्यांतून उतरवून जाळली. थाप थांबली. मग चावडीवर पुन्हा बैठक बसली. दारंच नाहीत तर वेसकरणीचं काम काय, आणि मेलेल्याशी बोललेली बाई गावाशेजारी कशाला, असं ठरलं. गिरजानं सकूचा हात धरला आणि खिंडीची वाट धरली. कुठल्या बाजूला उतरली, ते कुणी पाहिलं नाही.

हैबतीचं ठाणं झालं, शेंदूर चढला. आजही चैत्रात भर दुपारी कमानीखाली घोडीसाठी परात भरतात आणि शेजारी त्याच्यासाठी तांब्या ठेवतात. पाण्याचा मान पाटलाच्या घराकडे आहे. घटकाभरानं परात कोरडी होते म्हणे. तांब्यातलं पाणी मात्र कधी कमी झालेलं नाही.