मधली पत्रावळ

हिवरतळ्याच्या जत्रेला याल, तर तळ्याच्या बांधावर एक पत्रावळ मांडलेली दिसेल. चिंचेखाली बापयांची पंगत, देवळामागं बायांची, आणि मधे हे एकटं पान. त्यात वाढल्याशिवाय गावात कुणी घास उचलत नाही. त्या पानावर मात्र बसू नका, पावणं. ते गुणाचं आहे.

गुणा म्हणजे तानू कोष्टिणीचं लेकरू. ओठावर मिसरूड, कानात बुगड्या, डोईला पटका आणि अंगात चोळी. गाव त्याला तोंडाला येईल ते म्हणे; त्यातले काही शब्द देवळासमोर उच्चारवत नाहीत. आई लेकरू म्हणायची, म्हणून मीही लेकरूच म्हणतो.

एका पावसाळ्यात बांध खचला, असं सांगतात. रीत अशी, की बापयांनी माती खणायची अन् बायांनी पाट्या वाहायच्या. गुणा सकाळी कुदळ मारी, दुपारी पाटी उचली. हाताची सालटी निघाली तरी हटलं नाही. तेव्हा हे कोण, असं कुणाच्या बापानं विचारलं नाही. कामापुरते सगळे गोड! बांध उभा राहिला, गाव वाचलं, आणि पाटलांनी देवीपुढं पुरणपोळीचं जेवण घातलं.

सगळ्या गावाला आवतण, म्हणजे गुणालाही. त्याला हवं होतं एवढंच, की चारचौघांत मांडी घालून जेवावं. ते चिंचेखाली बसलं, तर शेजारचा खेकसला, "बुगड्या घालून बापयांत बसतंय व्हय?" ते उठून देवळामागं गेलं. बायांनी पदर सावरले. "अगंबाई, हे मिशीवालं आमच्यात कशाला?"

शिदोजी पाटील म्हणाले, "आधी ठरव तू कोण ते. मग वाढू."

"पाटील, बांध खचला तवा 'कोण हाय का रं' म्हणून वरडत हुता," गुणा म्हणालं. "तवा ओ कुणी दिली?"

पाटलांनी द्रोणातली आमटी भुरकली.

मग गुणानं आपली पत्रावळ दोन्ही पंगतींच्या मधे, बांधावर मांडली आणि वाट बघत बसलं. बापयांना वाढणारे म्हणाले, बाया वाढतील. बाया म्हणाल्या, बापये वाढतील. तानू विधवा, देवीच्या जेवणात वाढायची तिला बंदी. कोपऱ्यात बसून तिचा जीव तीळतीळ तुटत होता. शेवटी न राहवून तिनं आपल्याच पानातली पोळी पदराखाली घेतली अन् बांधाकडं धावली. तोवर लेकरू उठून गेलं होतं. ते परत काही गावात आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बांध नेमका त्या पत्रावळीच्या जागीच फुटला म्हणे. शेतं गाळानं भरली. हाका मारून मारून पाटलांचा घसा बसला, पण ओ कुणी देईना. तेव्हा गावानं नवस बोलला, की आधी गुणाचं पान, मग आमचं.

आजही ते पाळतात. पहिली पोळी, वर तुपाची धार, सगळ्यांचे हात जोडलेले. जळो मेला तो नवस! गेल्या जत्रेला बाहेरगावचं एक जण आलं होतं. लांब केस, जाड आवाज, उन्हातून चालून भुकेजलेलं. दोन्ही पंगतींनी नाकं मुरडली. तेव्हा बांधावरचं वाढलेलं पान बघून त्यानं विचारलं, "मग हितं बसू का?"

केवढ्यानं ओरडलं गाव! "अहो, ते देवाचं पान! आधी सांगा, तुम्ही कुठल्या पंगतीचे?"

ते आल्या पावली माघारी गेलं. पुरणपोळी नेहमीसारखी तळ्यातल्या माशांना टाकली.