म्हाकूचं वळण

बोरजाईच्या माळावर विद्यापीठाची नवोन्मेष नगरी उभी राहते आहे. तिचा मुख्य रस्ता फाटकापासून पाऊण किलोमीटर अगदी सुतात जातो. मग एका उथळ लवणापाशी, म्हणजे माळातल्या खोलगट जागेपाशी, आला की तो एकाएकी बाहेर वळतो, लवणाला पूर्ण वळसा घालतो आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ होतो. एका बाजूला काचेची अर्धवट इमारत, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळांचे नुसते खांब, आणि मधे हे वळण.

माघातल्या एका सकाळी शहरातून एकोणीस पाहुणे नगरी बघायला आले होते. पिवळी शिरस्त्राणं घालून सगळे त्या वळणावर उतरले. त्यांच्यातल्या वयस्कर प्राध्यापक चारुशीला मांडके यांनी विचारलं की एवढा आखीव रस्ता इथंच का वाकला. नगरीचे जनसंपर्क अधिकारी निमिष देवस्थळी म्हणाले, खाली कठीण खडक लागला, तांत्रिक कारण आहे. आणि ते पुढच्या इमारतीकडे बोट दाखवायला लागले.

पाहुण्यांबरोबर सुलाबाई कोळपे होत्या. वय बहात्तर. सल्लागार समितीवर गावाचं एक नाव हवं म्हणून प्रकल्पानं त्यांना घेतलं होतं, आणि पाहुणे आले की पाच मिनिटं गावाविषयी बोलायला बोलवत. त्यांना दिलेलं शिरस्त्राण त्यांनी डोक्यावर घातलं नव्हतं, काखेत धरलं होतं. खडक हा शब्द ऐकला आणि त्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. दोन वर्षं त्या हेच कारण ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी ते पुढं जाऊ दिलं नाही.

"खडक न्हाई तिथं," त्या म्हणाल्या. "तिथं म्हाकू हाय. सांगते. उभ्यानं ऐका."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

फार मागं, कुण्या एका राजानं या माळावर पाठशाळा बांधायचं मनात घेतलं. राजाचं नाव बोरजाईत कोणी सांगत नाही. विसरले म्हणून नव्हे. ते घ्यायचं नाही असं गावानं ठरवलं होतं, असं सांगतात. दूरदूरचे पंडित इथं येतील, ग्रह-तारे मोजतील, ग्रंथ लिहितील, असा त्याचा बेत होता. बेत वाईट नव्हता. त्यासाठी त्यानं माळ इनाम दिला आणि नागो रामाजी नावाचा मोजणीदार दोरी आणि खुंट्या घेऊन पाठवला.

नागो आला तो माघात. मेंढपाळांची घरं तेव्हाही दिवाळी झाली की कोकणात उतरत आणि मृगाच्या तोंडावर माळावर परत येत. त्यामुळं नागोला माळावर माणूस दिसलं नाही. पण लवणात तीन दगडांच्या नऊ चुली होत्या. मेंढरांसाठी घातलेली काटेरी कुंपणं होती. झऱ्याच्या तोंडाशी हाताने रचलेली दगडी चौकट होती. आणि वरच्या अंगाला एक लहान, हातभर लांबीची माती, तिच्या डोक्याशी उभा केलेला काळा दगड.

नागोच्या माणसांनी कुंपणं जाळून त्यावर भाकऱ्या भाजल्या. चुलीचे दगड उचलून त्यांनी खुंट्या ठोकल्या. आणि तो काळा दगड चांगला चपटा होता म्हणून सीमेच्या कोपऱ्याला लावला. मग नागोनं कागदावर वस्तीच्या रकान्यात लिहिलं: निरंक. राजाची मोहोर उठली आणि कागद बंद झाला.

वैशाखाच्या शेवटी मेंढरं परत आली, तेव्हा नागो पायाच्या आखणीसाठी माळावरच तंबू ठोकून होता. सगळ्यांच्या पुढं चालत होती म्हाकू. तिशीतली विधवा बाई, अंगानं उंच, बोलायला कमी. तिची साठ मेंढरं होती आणि दरवर्षी ती याच लवणात वीत असत, कारण माळावर वारा लागत नाही अशी तेवढी एकच जागा. आदल्या वर्षी तिची आठ महिन्यांची लेक तापानं गेली होती. ती हातभर माती त्या लेकीची होती.

म्हाकू आधी तिथंच गेली. डोक्याशी दगड नव्हता. तिनं इकडंतिकडं पाहिलं, खुंट्यांच्या रांगेवरून नजर नेली आणि टोकाला तो सापडला. त्याच्यावर चुन्याची फुली मारलेली होती. असं सांगतात की ती रडली नाही. तिनं पदरानं चुना पुसला, दगड उचलून होता तिथं आणून रोवला. मग माघारी फिरून एक एक करत सतरा खुंट्या उपटल्या आणि नागोच्या तंबूसमोर मोळीसारख्या टाकल्या.

नागो तसा दुष्ट माणूस नव्हता म्हणे. त्यानं तिला समजावलं की हा राजाचा हुकूम आहे, जागा विद्येसाठी आहे, आणि मोजणी झाली तेव्हा इथं कोणी नव्हतं. त्यानं तिला कागद दाखवला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

म्हाकूनं विचारलं, इथं काय लिहिलंय. त्यानं सांगितलं. तिला तो शब्द कळला नाही, तेव्हा त्यानं अर्थ सांगितला. काही नाही.

तेव्हा म्हाकूच्या अंगात जो राग आला तो तिच्या जन्मात उतरला नाही, असं म्हणतात. कुंपण जाळलं, ते तिनं पुन्हा घातलं असतं. झराही सोडला असता कदाचित. पण जिथं तिनं लेक पुरली तिथं काही नाही, हे वाक्य कुणीतरी थंड डोक्यानं लिहिलं होतं आणि त्यावर मोहोर होती.

"चुलीचे दगड हातात घिऊन खुंट्या ठोकल्यास तू," ती म्हणाली. "दगडाला काजळी हुती. ती कुणाची हुती, एवढं तरी इचारायचंस."

नागो म्हणाला, कागद आता बदलता येत नाही.

म्हाकू गेली आणि जिथून दोरी जाणार होती त्या रेषेवर, लेकीच्या मातीच्या चार पावलं पुढं, उभी राहिली. इथं म्हाकू आहे असं लिहीपर्यंत हलणार नाही, असं ती बोलली आणि त्यानंतर बोलली नाही. तिचा दीर धुळा आला. तो भला माणूस, पण भ्यायलेला. दुसरं लवण बघू, राजाशी वैर नको, मेंढरं उपाशी आहेत, असं तो विनवत राहिला. म्हाकूनं त्याच्या हातून पाणी घेतलं आणि त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो खाली मान घालून मेंढरांकडं गेला. नागोच्या माणसांनी तिला उचलून बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. पण दोन पावलांवर आल्यावर प्रत्येकाला काहीतरी दुसरं काम आठवलं, असं सांगतात.

चौथ्या दिवशी पाठशाळेचे मुख्य, विश्वंभरशास्त्री, शिष्यांसह आले. पायाभरणीआधी पूर्व दिशा नक्की करायची होती. त्याची रीत अशी: सपाट जमिनीत एक काठी सरळ रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी काठीची सावली आत सरकत वर्तुळाला जिथं शिवते तिथं एक खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवते तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. शास्त्रीबुवांनी हे शंभरदा केलं होतं.

त्या दिवशी सावली हलली नाही.

सूर्य वर चढला, डोक्यावर आला. वैशाखात मध्यान्हीला काठीची सावली काठीच्या पायाशी गोळा होते, हे मेंढपाळाच्या पोरालाही माहीत असतं. पण ती सावली सकाळी होती तेवढीच लांब पडून राहिली. तिचं टोक म्हाकूकडं होतं. सूर्य पश्चिमेला कलला तरी टोक म्हाकूकडंच. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काठी बदलली. तिसऱ्या दिवशी जागा बदलली. वर्तुळ पुसून पुन्हा काढलं, शिष्यांवर ओरडले, नागोवर ओरडले, जमीन पाण्यानं तपासून पाहिली. माळावर कुठंही काठी रोवली तरी सावली त्या बाईकडं बोट केल्यासारखी पडायची.

सातव्या दिवसापर्यंत म्हाकूचे ओठ फुटले होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. राखायला कोणी नीट नाही म्हणून तिची अकरा मेंढरं दगावली होती, आणि ती कुठं पडली ते तिला उभ्या जागेवरून दिसत होतं.

त्या दुपारी विश्वंभरशास्त्री पायातल्या खडावा काढून रेषेवरून चालत तिच्यापाशी गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिला काही विचारलं.

"बाई, तू कोण?"

"हे आधी इचारायचं हुतं," म्हाकू म्हणाली.

 एवढ्या मोठ्या पंडिताला तिनं असं सुनावलं, हे बोरजाईतल्या बायका आजही चवीनं सांगतात. मग शास्त्रीबुवांनी कागद मागवला. नागो म्हणाला, मोहोर झाली आहे, रकान्यात जागा नाही. शास्त्रीबुवांनी समासात लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलं. म्हाकू म्हणाली, मला वाचता येत नाही, माझ्या माणसांदेखत मोठ्यानं वाचा. सगळा तळ गोळा झाला आणि त्यांनी वाचलं: इथं म्हाकू आहे. इथं तिची लेक आहे. इथं मेंढरं वितात.

वाचून होईतो काठीची सावली सरकली आणि पायाशी गेली.

नागोनं दोरी उचलली आणि लवणाला वळसा घालून खुंट्या ठोकल्या. पण म्हाकू अजून हलेना. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी नसंन. म्हणून इथून पुढं या माळावर जो कोणी दोरी ताणील त्यानं आधी हाक मारायची, कोणी आहे का. उत्तर येईपर्यंत थांबायचं. शास्त्रीबुवांनी ते कबूल केलं. त्यांनी तिथं तिच्या नावानं देऊळ बांधून देतो असंही म्हटलं. तेव्हा तिनं नाही म्हणून मान हलवली.

"देवळात बसवल्याला कुणी काय इचारत न्हाई," ती म्हणाली. "शेंदूर लावू नका. दगड माझ्या लेकीचा हाय."

पाठशाळा झाली. पंडित आले, ग्रंथ लिहिले, आणि त्यांनी खोदलेल्या तळ्याचं पाणी म्हाकूनं मरेपर्यंत तोंडाला लावलं नाही. पुढं पाठशाळा मोडली. तिचा पाया कुठं होता हेसुद्धा आता कोणाला दाखवता येत नाही. ते समासातलं वाक्य मात्र गावाला पाठ आहे.

सुलाबाई थांबल्या. पाहुण्यांतले काही जण शिरस्त्राणं काढून हातात धरून उभे होते. सुलाबाईंनी मग उरलेलं दोन वाक्यांत सांगितलं. नगरीची मोजणी ड्रोननं झाली, कोणी हाक मारली नाही, आणि अहवालात वस्तीच्या रकान्यात पुन्हा निरंकच आलं. रस्त्याचा रोलर लवणापाशी आला तेव्हा गावच्या चाळीस बाया अकरा दिवस उभ्या होत्या, तिथं हे वळण पडलं.

चारुशीलाबाईंनी लवणाकडं पाहिलं. आत वीसेक लोखंडी खुंट्या होत्या, प्रत्येकीला लाल फडकं बांधलेलं. त्या कशाच्या, असं त्यांनी विचारलं. देवस्थळी म्हणाले, दुसरा टप्पा, वाहनतळ. गेल्याच आठवड्यात आखणी झाली.

"हाक मारली होती का?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

देवस्थळी हसले. मग कोणी हसत नाही असं पाहून गंभीर झाले. परंपरेचा आम्हाला आदरच आहे, ते म्हणाले, आत्ता मारतो. ते रस्त्याच्या कडेला गेले, तोंडाशी हात धरले आणि लवणात हाक दिली. कोणी आहे का.

माघ होता. मेंढरं आणि माणसं कोकणात होती. लवणात फडकी फडफडत होती. देवस्थळींनी अर्धं मिनिट वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि पाहुण्यांकडं वळून दोन्ही हात पसरले.

"बघा, कोणीच नाही," ते म्हणाले.

सुलाबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"देवस्थळी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता, "आन मी कोण हाय?"

काखेतलं शिरस्त्राण त्यांनी रस्त्यावर ठेवलं. उतारावरून सावकाश, गुडघ्यांवर हात टेकत त्या लवणात गेल्या आणि पहिल्या खुंटीला हात घातला. ती निघेना, तेव्हा चारुशीला मांडके खाली उतरल्या आणि त्यांनी दुसऱ्या बाजूनं धरली.

त्या दिवसापासून बोरजाईच्या माळावर दोरी ताणण्याआधी पुन्हा हाक मारावी लागते. उत्तर येईपर्यंत खुंटी हातातच धरून थांबायचं, मग दिवस जावोत की महिने. आणि उत्तर जी देईल, तिचं नाव आधी विचारायचं.