चौतीस इंचांचा ओटा

पारसनीससाहेबांनी लाल ठिपक्याच्या यंत्राने चारही भिंती मोजल्या, खिडकी मोजली, नळसुद्धा मोजला. पण ऋजुताकडे एकदाही पाहिलं नाही, तेव्हाच तिला काहीतरी खटकलं. नव्या फ्लॅटचं स्वयंपाकघर या नावाजलेल्या डिझायनरच्या हाती द्यायचं की नाही, हे आज ठरायचं होतं.

“ओटा चौतीस इंच,” साहेब म्हणाले.

“मला जरा उंच होईल. भाकरी थापायला खांद्यातून जोर लागतो ना...”

“मॅडम, हे स्टँडर्ड माप आहे. वीस वर्षांत एकीचीही तक्रार नाही!” त्यांनी फाइल आपटली.

पावणेपाच फुटांची ऋजुता दचकली. पण दचकता दचकताच तिची नजर त्यांच्या कोटावर गेली.

“कोट छान बसलाय, सर. शिवून घेतलात?”

“अर्थात! आमचा खास शिंपी आहे.”

“त्याने माप तुमचं घेतलं, की कोट टांगायच्या कपाटाचं?”

साहेबांनी उगाचच बटण चाचपलं. मग आवाज उतरवून विचारलं, “बरं, किती धरू?”

ते तिलाही ठाऊक नव्हतं. भाकरीवर तिचा हात बसला तो बार्शीला, आईच्या ओट्यावर. तिने मनाप्रमाणे लग्न केलं, त्याला आठ महिने झाले; तेव्हापासून आईने तिचा फोन उचलला नव्हता.

तरी तिने लावला. घंटा वाजत राहिली, आणि थांबली; फोन उचलला गेला होता.

“आई, आपला ओटा किती उंच आहे गं?” ती एका दमात बोलून गेली.

पलीकडे कढई खाली ठेवल्याचा आवाज आला.

“थांब, टेप आणते,” आई म्हणाली. “फोन ठेवू नकोस.”