दोरकड्याचं टपाल

या, बसा. चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नव्हे. फक्त फोन तेवढे खिशात ठेवा. मागच्या वर्षी एका पाहुण्याचा इथून खाली गेला, आणि तो शोधायला उतरतो म्हणणाऱ्या पाहुण्याला आवरता आवरता माझा जीव जायची वेळ आली.

आता हा काठ बघा. काळ्या कातळात बोटभर खोल खाच आहे, आतून अगदी गुळगुळीत. घाला बोट, सगळेच घालतात. या खाचेतून हा दोर दीडशे हात खाली जातो. वरच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा, खालच्या टोकाला बांबूची दुरडी. वाडीत सत्तावीस घरं आहेत आणि एकाही दारावर टपालाची पेटी नाही. पेटी एकच, ती खाली पायथ्याला कड्याच्या दगडात ठोकलेली, आणि तिच्यात आजपर्यंत एकही कागद पडलेला नाही. तुमच्यातला कोणीतरी मघाशी म्हणाला की वाडी अडाणी असेल. बरं, ऐका मग अडाण्यांची गोष्ट. मला ती आजीनं सांगितली.

तेव्हा अंमल गोऱ्या साहेबाचा होता म्हणे. आमची माणसं मधावर जगायची. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ लागलं की गडी दोराला लटकून ते काढायला उतरायचा आणि वरून दोर धरायला त्याच्या बायकोचा भाऊ उभा राहायचा. दुसऱ्या कोणाच्या हाती दोर द्यायचा नाही, अशी रीत. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात आहे, त्याचा हात सैल पडणार नाही, एवढाच त्यातला हिशेब.

खेमा गभाले नावाचा एक गडी होता, हाताचा मोठा कसबी. खालच्या गावापर्यंत टपाल यायला लागलं, तेव्हा कचेरीनं कळवलं की वरच्या वाडीनं आपल्या हद्दीत पेटी लावावी, शिपाई तिच्यात कागद टाकील. शिपायाला कड्याच्या खोबणीत पाय रोवून वर चढणं जमणार नव्हतं आणि खिंडीतून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा. पायथ्याची जमीन खालच्या गावाची, पण कड्याचा दगड आमचा. म्हणून खेमानं जांभळीच्या लाकडाची पेटी कोरली आणि ती त्या दगडात ठोकली. पावसाचं पाणी आत जाऊन कागद भिजू नये, म्हणून त्यानं ती आतून मेण चोळून चोळून लख्ख केली. सगळ्या वाडीनं त्याची पाठ थोपटली.

हसू नका. पोकळ लाकूड, आतून मेणाचा वास आणि पुढे नेमकी बोटभर फट! मधावर जगणाऱ्या माणसांनी सातेरीला, म्हणजे पोकळीत पोळं करणाऱ्या लहान मधमाश्यांना, घर बांधून दिलं होतं आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. असली चूक करायला आमचीच माणसं हवीत.

त्याच महिन्यात खेमा गेला. मोहोळाला उतरला असताना काठावर घासून दोर तुटला. वरून दोर धरणारा होता त्याच्या बायकोचा, ठमाबाईचा, सख्खा भाऊ बुधाजी. तुटका दोर हातात घेऊन तो संध्याकाळपर्यंत तसाच उभा होता असं सांगतात. दोष त्याचा नव्हता. पण ठमाबाईनं त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं, ते सात वर्षं.

खेमाच्या तेराव्याला पेटीत सातेरी येऊन बसली. आपल्या पायानं दारी आलेली सातेरी म्हणजे माहेरवाशीण. तिला धूर द्यायचा नाही, तिचं घर फोडायचं नाही, हा आमच्यात धर्मच आहे. शिवाय वाडीला पत्र लिहिणार तरी कोण? सात वर्षं माशा सुखानं नांदल्या.

आठव्या वर्षी पत्र आलं. कचेरीला हा डोंगर रिकामा हवा होता. वर कोणी राहत असेल तर हे पत्र घ्यावं आणि सोबतच्या पोचपावतीवर सही-अंगठा करून ती परत पाठवावी. नाही घेतलं तर डोंगर ओसाड समजून वाडीचं नाव कागदावरून काढलं जाईल, असा मजकूर. मैनू आतार म्हणून टपालाचा शिपाई होता, भला माणूस. तो पत्र टाकायला पेटीपाशी गेला आणि माशांनी त्याला असा फोडून काढला, की पिशवी डोक्यावर घेऊन तो ओढ्यापर्यंत पळाला. नियमानं त्यानं लिहिलं, 'पेटी निरुपयोगी, घेणारे कोणी नाही.' पत्र परत गेलं. दुसरं आलं, तेही तसंच परत गेलं. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं खालून हाताचा कर्णा करून हाक दिली.

"ठमाबाय, दोन कागूद माघारी गेलं! पुढच्या बाजारच्या दिशी तिसरा येतोय, संगं सायेब बी येतोय. त्यो बी माघारी गेला तर वाडीचं नाव कटलं म्हना!"

वाडी जमली. खाली उतरून कोणीतरी पत्र हातात घ्यावं, असं एकजण म्हणाला. पण पायथ्याची जमीन खालच्या गावाची. तिथं घेतलेल्या पत्रानं वर माणूस राहतो हे कसं ठरणार? नवी पेटी लावायची तर कचेरीचा हुकूम यायलाच तीन महिने. मग सगळ्यांच्या नजरा ठमाबाईकडे वळल्या. पेटी तिच्या नवऱ्याची, म्हणजे माशाही तिच्या.

"ठमे, धूर दे आन् मोकळी कर पेटी," वाडीचा कारभारी म्हणाला. "माशीपायी मान्सं उठवायची का?"

ठमाबाई उठून उभी राहिली. तिनं तिथेच पण केला असं सांगतात. "आलेल्या लेकीला म्या हाकलनार न्हाई. आन् वाडी बी उठू देनार न्हाई. कागूद माज्या हातात येईस्तवर मधाचं बोट जिबंला लावनार न्हाई. पेटीत न्हाई तर हातात द्यावा, आसंच हाय ना कायद्यात? माजा हात खाली पुरत न्हाई. दोर पुरंल."

बोलायला सोपं. कोणाचाही दोर साठ हातांपेक्षा लांब नव्हता आणि कडा दीडशे हातांचा. तीन घरांचे दोर एकत्र बांधायला हवे होते. पण ज्या दोरावर आपला जीव टांगतो, तो कोणी दुसऱ्याच्या दोराला बांधू देत नसे. कोणी म्हणालं, गाठ सुटली तर? कोणी म्हणालं, काठावर घासून पुन्हा तुटला तर? शेवटी सगळे एकाच गोष्टीवर आले. वाडीत न सुटणारी गाठ मारणारा एकच माणूस होता. तो दोर धरणार असेल तर आमचे दोर घ्या.

तो माणूस म्हणजे बुधाजी. सात वर्षं त्यानं दोराला हात लावला नव्हता.

बाजारचा दिवस उजाडला. दुपारी खाली साहेब आला, घामानं निथळत, मैनूच्या मागून. वर सगळी वाडी या काठावर. तीन दोर नुसतेच पडलेले. बुधाजी लांब, त्या हिरड्याखाली, मान खाली घालून बसलेला. खालून मैनूची हाक आली, "सायेब म्हनतोय, घेनारं कोन हाय का न्हाई?" ठमाबाईनं एकदा दोराकडे बघितलं, एकदा खाली. जिथे तिचा नवरा पडला ती जागा इथून दिसते. मग ती वळली आणि सात वर्षांत पहिल्यांदा भावाला हाक मारली.

"दादा, दोर धर!"

आजी इथे नेहमी थांबायची. मीही थांबतो.

बुधाजी धावत आला. त्यानं गाठी मारल्या, दुरडी बांधली, दोर सोडला. पण काठाचा दगड तेव्हा करवतीसारखा होता. दोर घासायला लागला, एक पीळ सुटलेला सगळ्यांनी बघितला. तेव्हा बुधाजीनं आपले दोन्ही तळवे दोराखाली घातले. दीडशे हात दोर त्याच्या हातांवरून खाली गेला. कातडं सोलून निघालं, पण त्यानं हात काढले नाहीत. ठमाबाई दोर सोडत होती आणि बाकीचे तिच्या मागे.

दुरडी साहेबाच्या नाकासमोर येऊन टेकली, तीही कड्याच्या दगडाला, आमच्या हद्दीत. साहेब पक्का होता. त्यानं पत्र ठेवलं, पोचपावती ठेवली आणि मैनूकरवी ओरडून सांगितलं की घेणाऱ्याचा अंगठा खाली येऊ दे, तर मी मानीन. दुरडी वर आली. ठमाबाईनं पत्र हातात घेतलं, कपाळाला लावलं. पण अंगठा उठवायला शाई कुठून आणायची? तिनं सरळ घरातून तवा आणला, त्याच्या बुडाच्या काजळीत अंगठा घोळवला आणि पावतीवर दाबला.

तेवढ्यात कारभारी पुढे आला. "यकच का? ओसाड म्हनत्यात ना आपल्याला?" त्यानं पावती उलटी करून पाठीमागे आपला अंगठा दाबला. मग त्याच्या बायकोनं, मग शेजाऱ्यानं. म्हातारे आले, पोरं आली. बुधाजीचा हात रक्तानं भरलेला. त्याला काजळी लागलीच नाही, त्यानं तसाच लाल अंगठा दिला. सगळ्यात शेवटी बुधाजीच्याच सुनेनं आपली पाच दिवसांची मुलगी आणली आणि तिचा तिळाएवढा अंगठा तव्याला टेकवून कागदावर ठेवला.

साहेबानं एक अंगठा मागितला होता. दुरडीतून एक्केचाळीस खाली गेले.

साहेबानं तो कागद उलटसुलट करून बघितला म्हणे. तिळाएवढ्या ठशावर त्यानं बोट ठेवलं आणि मैनूला विचारलं, हे काय? मैनू म्हणाला, "सायेब, ही बी टपाल घ्यायला आलीया." साहेबानं टोपी काढली, वर बघितलं आणि तिथेच दगडावर बसून लिहिलं, 'वाडी वस्तीची आहे. टपाल दोराने द्यावे.' मैनूनं ते ओरडून वर कळवलं. मग या कड्यावर असा काही गलका झाला, की खालच्या गावाची गुरं दावी तोडून पळाली. ते लोक अजून आमच्यावर त्याचा राग धरून आहेत!

ठमाबाईनं त्या दिवशी पहिलं मधाचं बोट भावाच्या तोंडात घातलं, दुसरं त्याच्या तळव्यांना चोळलं, आणि मग आपल्या जिभेला लावलं. जिथे बुधाजीनं हात ठेवले होते, तिथला दगड पुढच्या पावसाळ्यात आपोआप खाली बसला आणि ही खाच पडली, असं सांगतात. शहरातून एकजण आला होता, म्हणाला, दोरानं दगड झिजतोच. झिजत असेल. मग त्या पहिल्या दिवसापासून एकही दोर इथे तुटलेला नाही, ते कशानं?

आजही खालच्या पेटीत सातेरी नांदते आणि वाडीचा पत्ता 'दोरकडा' एवढाच आहे. आजही खाली शिपायानं दोर ओढला की ही घंटा वाजते. ज्या बाईला आधी ऐकू येते ती 'दादा, दोर धर' म्हणून हाक मारते आणि जवळ जो पुरुष असेल त्याला हातातलं काम टाकून यावं लागतं. आणि आजही वाडीत मूल जन्मलं की मामा त्याच्या नावानं पत्र टाकतो. ते पत्र दोरानं वर येतं आणि बाळाचा काजळीचा अंगठा पावतीवर खाली जातो. त्याशिवाय बाळाचं नाव ठेवत नाहीत. ही रीत त्या पाच दिवसांच्या मुलीपासून पडली. पुढे तिला वाडीतच दिली, आणि म्हातारपणी ती नातवाला इथे बसवून ही गोष्ट सांगायची. तो नातू मी. म्हणून मघाशी म्हटलं, आजीनं सांगितली.

थांबा. ऐकलीत घंटा?

ती बघा, माझी नातसून अंगणातून येते आहे. कडेवर परवा आठ दिवसांची झालेली माझी पणती आणि हातात तवा. मामाचं पत्र आलेलं दिसतं. माझे हात आता थकले, आणि गडी सगळे शेताकडे गेलेत. उठा पाहुणे, ती तुम्हालाच हाक मारते आहे.

"दादा, दोर धर!"