मामलेदारांच्या न्हाणीघरातला दांडा

निवृत्त मामलेदार रंगराव निंबाळकर न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून घसरले. नळाला लटकले म्हणून डोकं वाचलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी फरशी घासून घेतली, रबराची मॅट अंथरली आणि भिंतीला स्टीलचा दांडा बसवायला दिलावर प्लंबरला बोलावलं.

दांडा पाहताच रंगराव कडाडले, "हे लोढणं इथे नको! सबंध तालुका मी एकट्यानं हाकला. उभ्या जन्मात कुणाचा हात धरला नाही, आणि आता आंघोळीला आधार घेऊ?"

दिलावरनं ड्रिल मशीन खाली ठेवलं. मामलेदारांपुढे बोलायची त्याची काय छाती!

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे. तुम्ही माझा हात धराल याची शेहेचाळीस वर्षं वाट पाहतेय. महाबळेश्वरच्या धुक्यात पाहिली, माझी आई गेली त्या दिवशीही पाहिली. दर वेळी हात पुढे केला आणि पदर सावरल्यासारखं करून मागे घेतला. आता निदान हा दांडा तरी धरा. म्हणजे पुन्हा कधी मी हात पुढे केला, तर तो धरायला तुम्ही असाल."

रंगरावांनी दांडा उचलून दिलावरच्या हातात दिला.

"दिलावर," ते म्हणाले, "मजबूत बसव."

ड्रिल सुरू झालं, धूळ उडाली, तशा सगुणाबाई बाहेर निघाल्या. एवढ्यात रंगराव पुढे झाले आणि त्यांनी पत्नीचा हात घट्ट धरला.

"उंबऱ्याशी ओलं आहे. जपून, सगुणा."

उंबरा ठणठणीत कोरडा होता. सगुणाबाईंनी ते सांगितलं नाही.